पिसांची माशी, सोन्याचा मासा

मोराच्या पिसाचे दोन-तीन तंतू, सशाची थोडी लव, रेशमासारखा बारीक धागा आणि नखाएवढा आकडा. एवढ्या साहित्यातून फ्लाय फिशिंगची 'माशी' तयार होते. तिचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. हातात घेऊन कितीही जोरानं फेकली तरी ती दोन हातांपलीकडे जाणार नाही. आणि तरीही दक्षिण आफ्रिकेतल्या वाल नदीत मांडीभर पाण्यात उभा असलेला माणूस हीच माशी पंधरा मीटरवरच्या एका ठरावीक खडकामागे उतरवतो, तेव्हा पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही. त्या खडकामागे थांबलेला मासा तर या फेकीहूनही अद्भुत आहे. पण आधी फेक समजून घेऊ.

नेहमीच्या गळाला शिशाचं वजन लावलेलं असतं. ते हवेतून पुढे जातं आणि दोरीला मागून ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये वजन असतं ते दोरीलाच. पाच नंबरच्या दोरीचा पुढचा नऊ मीटरचा भाग साधारण नऊ ग्रॅम भरतो. काठीच्या झटक्यानं ही दोरी आधी पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे फेकायची. ती सगळी एकदम पुढे जात नाही. तिचा एक अरुंद वळसा तयार होतो आणि तो टोकाकडे धावत सुटतो. सतरंजी झटकताना हातापासून निघालेली लाट पलीकडच्या कडेपर्यंत जाते, तसा. वळसा पुढे सरकतो तसा हलणाऱ्या दोरीचा भाग आखूड होत जातो, पण तिच्यातली ऊर्जा फारशी कमी होत नाही, म्हणून टोकाचा वेग वाढतो. दोरीपुढे पारदर्शक नायलॉनचा धागा असतो. तो टोकाकडे इतका बारीक होत जातो की हवेच्या रोधानं शेवटी वेग विरून जातो. माशी पाण्यावर बसते ती या विरण्यामुळे.

आता मासा. विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८११ मध्ये बैलगाडी घेऊन केप टाउनहून उत्तरेकडे निघाला आणि गरीप नदीच्या, म्हणजे आजच्या ऑरेंज नदीच्या खोऱ्यात पोचला. तिथल्या एका काशाच्या रंगाच्या माशाचं वर्णन त्यानं १८२२ साली छापलं. आज त्याचं शास्त्रीय नाव आहे लेबिओबार्बस एनिअस, म्हणजे लहान तोंडाचा यलोफिश. त्याचा मोठ्या तोंडाचा भाऊबंद, लेबिओबार्बस किंबरलेएन्सिस, शास्त्राच्या दप्तरी नोंदवला जायला १९१३ साल उजाडलं. दोघंही मूळचे वाल आणि ऑरेंज या दोनच नद्यांच्या खोऱ्यातले. ऑरेंज लेसोथोच्या डोंगरात उगम पावून सुमारे २,२०० किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळते, आणि वाल ही तिची सर्वांत लांब उपनदी. लहान तोंडाचा मासा कोवळ्या वयात रुपेरी असतो, मोठा होताना पाठीवर हिरवट झाक आणि कुशीवर पितळी सोनं चढतं. मोठ्या तोंडाचा मासा वीस किलोंच्याही पुढे वाढतो, पण त्याला घाई नाही. त्याची मादी पहिल्यांदा अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण आठ वर्षं लागतात. हा आकडा ध्यानात असू द्या. असा एक मासा मारला, तर तेवढ्या वर्षांची नदीची मेहनत एका संध्याकाळी ताटात जाते.

या माशाला फसवणं अवघड का, हे कळायला पाण्याखालून वर पाहावं लागतं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे माशाला पाण्याबाहेरचं सगळं जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या फक्त ९७ अंशांच्या शंकूत मावलेलं दिसतं. शास्त्रात याला स्नेलची खिडकी म्हणतात. मासा एक मीटर खोलीवर असेल तर त्याच्या डोक्यावर सव्वादोन मीटर व्यासाचं प्रकाशाचं वर्तुळ असतं, आणि त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरसा होऊन त्याला नदीचाच तळ दाखवतो. मासा वर गेला की वर्तुळ आक्रसतं, खाली गेला की रुंदावतं. काठावरचा माणूस या वर्तुळाच्या कडेला चेपलेला, बुटका होऊन दिसतो. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांहून कमी उंचीवर असलेल्या वस्तूंचा बराच प्रकाश तर परावर्तित होतो, माशापर्यंत कमीच पोचतो. दहा मीटर अंतरावर दहा अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर उंची. म्हणून मासेमार पाण्यात उतरतो, गुडघ्यावर बसतो, काठी आडवी धरतो. लांबून पाहणाऱ्याला तो नम्रपणा वाटेल. ती शुद्ध भूमिती आहे.

दिसणं टाळलं तरी ऐकू जाणं टळत नाही. यलोफिश कार्पच्या कुळातला. या कुळातल्या माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची एक साखळी असते. पाण्यातला आवाज त्या पिशवीला थरथरवतो आणि हाडं ती थरथर कानापर्यंत नेतात. बुटाखाली गोटा सरकला तर त्याची खबर माशाला लागते. याच कुळात आणखी एक विलक्षण सोय आहे. एका माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक रसायन पाण्यात सुटतं आणि आसपासचे जातभाई पांगतात. मधमाश्यांचा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे मिनो माशांत दाखवून दिलं. एक मासा जखमी झाला की डोहभर धोक्याची सूचना गेलेली असते.

यलोफिशच्या जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि गोगलगाईचं कवच नि खेकड्याची पाठ तिथे दळली जाते. तोंड पुढे नळीसारखं निघतं आणि गोट्यांच्या फटीतली अळी शोषून घेतं. त्याहून नवल म्हणजे एकाच जातीतल्या माशांची तोंडं सारखी नसतात. कुणाचे ओठ साधे, कुणाचे जाड रबरासारखे लोंबते, तर कुणाच्या खालच्या ओठाला दगडावरचं शेवाळ खरवडायची सरळ धार. जुन्या अभ्यासकांना अशी रूपं वेगवेगळ्या जाती वाटली होती. आज कळतं की तोंडाच्या या वेगळेपणाचं नातं माशाच्या खाण्याशी आणि राहण्याच्या जागेशी आहे. नदीचा तळ कसा आहे, ते माशाच्या ओठांवर उमटतं. हे वाचल्यापासून नदी आणि मासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला म्हणवत नाही.

तळावर काय चालतं तेही पाहण्यासारखं आहे. वालच्या उथळ खळाळातला एखादा गोटा उलटला की त्याच्या पाठीवर कॅडिस किड्याच्या अळ्या सापडतात. त्यांतल्या काही बारीक जाळी विणतात आणि वाहत येणारे अन्नकण त्या जाळीत धरतात. शेजारी मेफ्लायची पिल्लं दगडाला चिकटून असतात. यांतलं कुणी ना कुणी सतत सुटून प्रवाहाबरोबर वाहत असतं आणि यलोफिश त्याच वाटेवर येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला ठाऊक असतं की सुटलेली अळी पाण्याच्या वेगानंच वाहते, तिला स्वतःचा वेग नसतो.

इथे मासेमाराची खरी परीक्षा सुरू होते. तळाशी घर्षणामुळे पाणी संथ असतं, वर वेगवान. माशी तळाजवळ आणि दोरी वर, म्हणजे वरचं पाणी दोरीला ओढतं आणि दोरी माशीला. माशी खऱ्या अळ्यांपेक्षा किंचित जरी वेगानं सरकली तरी मासा तिच्याकडे वळत नाही. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातल्या मासेमारांनी यावर जी युक्ती काढली ती आज वालवर घरोघरची झाली आहे. माशी टंगस्टनच्या मण्यानं जड करायची (टंगस्टन शिशाच्या जवळजवळ पावणेदोनपट जड), ती झटकन तळाला जाते. दोरी पाण्याला जवळपास लागूच द्यायची नाही. काठी उंच धरून माशीबरोबर हात सरकवत न्यायचा. अंतर काठीच्या लांबीच्या थोडंच पुढे. सगळं कसब आपला हात माशीला कळू न देण्यात आहे. मासा माशी ओढून घेतो आणि खोटी आहे हे उमगताच थुंकतो, ते क्षणार्धात. हाताला झटका जाणवेपर्यंत थांबलात तर तो गेलेला असतो. दोरीचं टोक वाहता वाहता कणभर अडखळतं, तेवढीच खूण.

लेसोथोत हाच मासा वेगळाच खेळ दाखवतो. तिथे डोंगरात कात्से हे १८५ मीटर उंच धरण १९९६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयात बोकाँग नावाची नदी येऊन मिळते. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा, लहान तोंडाचे यलोफिश जलाशयातून या नदीत वर चढतात. पाणी इतकं स्वच्छ की एकेक मासा मोजता यावा. गवतातून वाऱ्यानं उडालेले नाकतोडे, भुंगे, मुंग्या पाण्यावर पडतात आणि तळातून निघालेला सोनेरी मासा सावकाश वर येऊन त्यांना टिपतो. इथे माशी तरंगणारी लागते. मासा तिच्याखाली येतो, तिच्याबरोबर दोन-तीन हात उलटा वाहत तिला निरखतो आणि मग ठरवतो. वालवर सगळं अंदाजानं चालतं, बोकाँगवर सगळं डोळ्यांदेखत घडतं, आणि दोन्हींत अधिक कठीण काय यावर तिथले मासेमार कधी एकमत होतील असं वाटत नाही.

हा मासा पहिल्या पावसाची वाट पाहत असतो. पाणी तापलं, नदी वाढली की तो खळाळातल्या स्वच्छ वाळू-गोट्यांवर गर्दी करून अंडी घालतो. माणसाला ही वेळ फार जुन्या काळापासून माहीत आहे. ऑरेंज लेसोथोत सेंकू म्हणून ओळखली जाते. तिच्या काठी लिकोएंग नावाची जागा उत्खननात सापडली. दोन-तीन हजार वर्षांपूर्वी शिकार करून जगणारे लोक तिथे हंगामात येऊन मासे धरत. तिथल्या माशांच्या हाडांच्या प्रचंड ढिगात यलोफिश आहे आणि आपल्या रोहूच्या घराण्यातला लेबिओही. लेसोथोतच त्सोएलिके नदीजवळ एका कड्यावर सान लोकांनी रंगवलेलं चित्र आहे. छोट्या तराफ्यांसारख्या वस्तूंवर बसलेली माणसं लांब भाल्यांनी मासे मारताहेत.

आता या माशाचं सर्वांत मोठं गुपित, आणि त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईचा, एक वडिलांचा, मिळून ४६. आपल्या नद्यांतल्या महसीर माशाच्या पेशीत चार संच असतात, सुमारे १०० गुणसूत्रं. यलोफिशच्या पेशीत संच आहेत सहा, गुणसूत्रं दीडशेच्या घरात. हे कुठून आलं? मायटोकाँड्रियातली जनुकं फक्त आईकडून येतात, आणि यलोफिशमध्ये ती महसीरच्या घराण्याशी जुळतात; सहांपैकी चार संचही त्याच घराण्याचे. उरलेले दोन संच मात्र सायप्रिनिऑन या पश्चिम आशियात आढळणाऱ्या, साध्या दोन संचांच्या माशांशी नातं सांगतात. अभ्यासकांनी काढलेला अर्थ असा: फार फार पूर्वी महसीरसारखी एक मादी आणि त्या दुसऱ्या घराण्याचा एक नर यांचा संकर झाला. आईकडून पन्नास, वडिलांकडून पंचवीस. पंचाहत्तर हा आकडा विषम संचांचा, अशा जिवाला पुढे वंश चालवणं जवळपास अशक्य. पण कुठेतरी सगळीच गुणसूत्रं दुप्पट झाली, दीडशे झाली, आणि एक नवं घराणं उभं राहिलं. ते आफ्रिकेत पसरलं. इथिओपियातल्या ताना सरोवरात तर त्याच्या पंधरा जाती एकाच पाण्यात नांदतात. दक्षिण टोकाला त्याचाच वंशज म्हणजे वालचा यलोफिश. जीवसृष्टीत संकरातून वंश खुंटल्याचीच उदाहरणं आपण अधिक ऐकतो. इथे एका अशक्य वाटणाऱ्या मीलनातून एका खंडाच्या नद्या भरल्या.

बर्चेलनंतर सतरा वर्षांनी, १८३९ मध्ये, कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज तो टोर खुद्री म्हणून ओळखला जातो. दोन खंडांवरच्या दोन इंग्रजांनी एकाच घराण्याच्या दोन शाखा लिहून ठेवल्या, हे त्या दोघांनाही कधी कळलं नाही. महाडजवळच्या वाळणकोंडात काळ नदीतले देवीच्या नावानं राखलेले मोठे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी यलोफिशचे दूरचे आप्त पाहिलेले आहेत. तेच मोठे खवले, तीच दोन जोड मिशांची ठेवण, तीच प्रवाहात स्थिर उभं राहायची ताकद.

इतका मोलाचा यलोफिश दक्षिण आफ्रिकेत, स्वतःच्याच देशात, कितीतरी वर्षं दुर्लक्षित राहिला. १८९० मध्ये स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी तिथल्या नाताळ नावाच्या भागात आणून उबवली गेली. फ्लाय फिशिंग म्हणजे ट्राउट, असा साहेबी संकेत तिथेही रुजला आणि नदीचा मूळचा मासा 'हलका' ठरला. गेल्या काही दशकांत हे बदललं. तिथल्या फ्लाय फिशिंग महासंघानं यलोफिशसाठी स्वतंत्र कार्यगट उभा केला, आणि मासा धरून पुन्हा सोडायचा हा रिवाज झाला.

धरायचा आणि सोडायचा, तर धरायचा कशाला? हा प्रश्न कुणीही विचारेल आणि तो योग्य आहे. गळाला लागलेला मासा झुंजताना दमतो, त्याच्या रक्तातलं लॅक्टेट वाढतं, हवेत धरून ठेवला तर तो मरूही शकतो. हे क्लेश शून्य आहेत असं मी म्हणणार नाही. काळजी घेणारे लोक बिनकाट्याचा आकडा वापरतात, हात ओले करतात, मासा पाण्याबाहेर काढत नाहीत, आणि दम परत येईपर्यंत त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून ठेवतात. माझं मत या रिवाजाच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण नदी आहे. वालमध्ये सांडपाणी शिरलं की ते सर्वांत आधी ओळखतात ते मांडीभर पाण्यात रोज उभे राहणारे हेच लोक. शहरांचं प्रक्रिया न झालेलं सांडपाणी वालमध्ये इतकं शिरत होतं की दक्षिण आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाला चौकशी करावी लागली आणि २०२१ मध्ये अहवाल द्यावा लागला. जोडीला सोन्याच्या खाणींमधून झिरपणारं आम्लयुक्त पाणी आहेच. संशोधकांनी यलोफिशना रेडिओ टॅग लावून त्यांच्या हालचालींवरून नदीची तब्येत जोखायचे प्रयोगही केले आहेत.

घाणीइतकाच दुसरा एक धोका आहे, आणि तो चांगल्या हेतूनं येतो. पश्चिम केप प्रांतातल्या ओलिफांट्स नदीत क्लॅनविलियम यलोफिश राहतो. गळाची मौज म्हणून अमेरिकेतला बास मासा तिथे सोडला गेला आणि त्यानं यलोफिशची पिल्लं फस्त केली. ओलिफांट्सच्या रोंडेगाट या उपनदीच्या चार किलोमीटरच्या पट्ट्यातून बास काढून टाकायला २०१२ आणि २०१३ मध्ये मासे मारणारं रोटेनोन पाण्यात घालावं लागलं. त्यानंतर मूळचे मासे वरच्या भागातून परत आले. पण यलोफिश स्वतःही भलत्या पाण्यात गेला की उपद्रवी ठरतो. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सुमारे ८३ किलोमीटरच्या बोगद्यातून ऑरेंजचं पाणी ग्रेट फिश नदीत गेलं, आणि पाण्याबरोबर लहान तोंडाचा यलोफिशही. लेसोथोत मोहाले आणि कात्से हे जलाशय बोगद्यानं जोडले गेले, तेव्हा हाच सोनेरी मासा वरच्या ओढ्यांतल्या बोटभर मालोटी मिनोच्या मुळावर येईल ही भीती उभी राहिली.

आपल्याकडे हे घडून गेलं आहे. लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवलेला टोर खुद्री संवर्धनाच्या उत्साहात कावेरीत सोडला गेला. तिथे तो फोफावला, आणि जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात असणारा मदार पाठीचा महसीर मागे हटत गेला. २०१८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पुण्याच्या नद्यांत जो मासा भूषण आहे, तोच कावेरीत संकट झाला. म्हणून एक विनंती. घरातल्या काचेच्या टाकीतला मासा असो की पुण्य म्हणून किंवा उत्पन्नासाठी आणलेलं मत्स्यबीज, ते गावच्या नदीत सोडण्याआधी त्या नदीत मूळचं कोण राहतं, हे जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना आणि नदीवर जाळं टाकणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारा. दोघांपैकी एकानंही नको म्हटलं, तर सोडू नका.